वड्याचं सारण उरलं तर: ठेवायचं कसं, गरम करायचं कसं

आमचं बटाटेवड्याचं सारण थंड करून, पाकीटबंद करूनच तुमच्यापर्यंत येतं. ते टिकावं म्हणून त्यात कोणतंही रसायन घातलेलं नाही, त्यामुळे पाकीट फोडलेलं नसलं तरी त्याची जागा फ्रीजमध्येच. बंद पाकिटात हवा कमी असते, आणि बटाटा-लसणासारख्या कमी आंबट पदार्थांत हवेविना वाढणारे घातक जिवाणूही असू शकतात. लिंबू पिळलेलं असतं ते चवीपुरतं, तेवढ्या आंबटपणाने सारण टिकत नाही.

घरी केलेलं सारण, पिवळी भाजी, पॅटिससाठी कुस्करलेला बटाटा यांनाही पुढची पद्धत जशीच्या तशी लागू आहे.

नीट उकळलं, तळलं की सगळं मरतं, असं बहुतेकांना वाटतं. बटाट्याच्या बाबतीत हा भरवसा धोक्याचा आहे. बटाटा मातीत वाढतो आणि सालीबरोबर बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू घेऊन येतो. उकडताना ते सगळे मरतातच असं नाही. शिवाय हळद, मिरपूड अशा कोरड्या मसाल्यांतूनही ते पुन्हा मिसळतात. सारण कोमट राहिलं की बीजाणू रुजतात, जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. पुन्हा गरम केल्यावर जिवाणू मरतील, पण उलट्या करवणारं हे विष उकळीला आणि कढईतल्या तळणीलाही दाद देत नाही. त्याला वास नाही, चव नाही. आंबूस वास किंवा चिकट तार आलेलं सारण तुम्ही फेकालच, पण वास चांगला आहे म्हणून सारण चांगलं, असं समजू नका. घड्याळावर विश्वास ठेवा.

५ ते ६० अंश सेल्सियस या टप्प्यात सारण एकूण २ तासांपेक्षा जास्त राहू नये. उन्हाळ्यात स्वयंपाकघर ३२ अंशांच्या वर असेल तर १ तास. एकूण म्हणजे सगळे मिळून: सकाळी अर्धा तास ओट्यावर आणि संध्याकाळी गोळे वळताना अर्धा तास, असा हिशेब जोडत जायचा. म्हणून किलोचं पाकीट समोर ठेवून वडे वळू नका. लागेल तेवढं काढा, बाकीचं लगेच आत ठेवा. काढताना चमचा कोरडा आणि स्वच्छ हवा.

गरम सारण थंड करताना सगळ्यात जास्त चुका होतात. पातेल्यातला किलोभराचा गोळा वरून गार लागतो, पण मध्ये कित्येक तास कोमटच असतो. फ्रीजमध्ये ठेवला तरी तेच. ताटात किंवा परातीत २ ते ३ सेंटिमीटर जाडीचा थर पसरा. खाली दुसऱ्या परातीत बर्फाचं पाणी ठेवलं तर काम पुष्कळ लवकर होतं. वर जाळी ठेवा. घट्ट झाकण लावलं तर वाफेचं पाणी परत सारणात पडतं आणि ते चिकट होतं. वाफ थांबली की उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. अगदी गार होईपर्यंत थांबायची गरज नाही. डबे एकमेकांवर रचू नका, मध्ये हवा खेळू द्या.

फ्रीज ५ अंशांखाली हवा. दारातला कप्पा सगळ्यात कमी गार असतो, तिथे सारण ठेवू नका. फोडलेलं पाकीट किंवा घरचं सारण २ दिवसांत संपवा. वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण ४ तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर सारण टाकून द्या.

गरम करताना एका वेळी खाल्लं जाईल तेवढंच घ्या, आणि एकदाच गरम करा. जाड बुडाच्या कढईत पाव किलोला २ चमचे पाणी शिंपडून, झाकण ठेवून मंद आचेवर वाफ आणा आणि उलथन्याने तळापासून वर-खाली करा. फ्रीजमध्ये बटाट्यातलं पिष्ट घट्ट होतं, म्हणून सारण आधी खडबडीत आणि कोरडं वाटतं. वाफेने ते पुन्हा मऊ होतं. मिक्सरमध्ये मात्र फिरवू नका, पिष्ट सुटून लगदा होतो. गोळ्याच्या मध्यभागी ७५ अंश तापमान हवं. थर्मामीटर नसेल तर मध्यातून चमचा घालून उघडा, आतूनही वाफ आली पाहिजे. मायक्रोवेव्हमध्ये सारण कडेने गोल पसरा, मध्ये जागा मोकळी सोडा, अर्ध्यात ढवळा आणि शेवटी २ मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे गार राहिलेले भागही तापतील.

फ्रीजमधल्या गार सारणाचे वडे थेट तळू नका. बेसनाचं आवरण लाल होतं, आतला गोळा गारच राहतो. गारव्याने गोळ्यावर दव धरलं तर पीठ सरकून वडा तेलात फुटतोही. सारण आधी कढईत पूर्ण तापवा, ताटात पसरून हाताला सोसेल इतपत होऊ द्या, मग वळून लगेच तळा.

जास्त दिवस ठेवायचं असेल तर पाव-पाव किलोची चपटी पाकिटं करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा आणि महिन्याभरात वापरा. रात्री खालच्या फ्रीजमध्ये काढून ठेवा, ओट्यावर नको. बर्फाने बटाट्याच्या पेशी फुटून पाणी सुटतं, त्यामुळे गरम करताना पाणी न घालता पाकिटामागे १ मोठा चमचा भाजलेलं बेसन मिसळा. एकदा वितळलेलं सारण पुन्हा गोठवू नका.

खाल्ल्यावर अर्ध्या ते ६ तासांत उलट्या सुरू झाल्या तर उरलेलं सारण कोणीही खाऊ नये. मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस थोडं थोडं देत राहा. लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वयस्क व्यक्ती असेल तर वाट न पाहता डॉक्टरकडे न्या. पाकीट जपून ठेवा आणि त्यावरची तयार केल्याची तारीख आम्हाला कळवा, म्हणजे त्या दिवशीचा बाकीचा माल आम्हाला लगेच थांबवता येईल.