दलिका

दलिका : (बीजपत्र). बीजातील गर्भाच्या अक्षावर सर्वांत आधी तयार होणारे पार्श्व अवयव. दलिकांच्या वर प्रांकुर असतो (ज्यापासून पुढे खोड व पाने होतात). त्यांच्या खालच्या अक्षाला अधराक्ष म्हणतात आणि त्याच्या टोकाला आदिमूळ असते. पाठ्यपुस्तकांत बीजपत्र हा शब्द रूढ आहे. या नोंदीत दलिका हाच शब्द वापरला आहे, कारण दल, डाळ, द्विदल या घरातल्या शब्दांशी त्याचे नाते उघड आहे. डाळ म्हणजे साल काढून सुटी केलेली दलिकाच होय. मुगागाठी या गोव्याच्या पदार्थासाठी मोड आणून सोललेल्या मुगाच्या दोन फाका आणि काजूच्या व्यापारातली ‘पाकळी’ ही त्याच अवयवाची नावे.

‘अन्न साठवणारे पहिले पान’ ही व्याख्या सोपी असली तरी पुरेशी नाही. दलिका अन्न साठवते, शोषते, हिरवी होऊन अन्न तयार करते आणि काही वनस्पतींत यांपैकी काहीच करीत नाही. म्हणून कार्यापेक्षा गर्भातील स्थानावरून दलिका ओळखणे अधिक योग्य वाटते. गोव्याच्या बागायतीत आणि खाजणांत याची उदाहरणे हाताशी आहेत.

‘कॉटिलेडॉन’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वाटीसारखा खोलगट भाग. बीजातील या अवयवासाठी तो रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः सतराव्या शतकातील इटालियन शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पीगी यांना दिले जाते. दलिकांच्या संख्येवरून वनस्पतींचे गट पाडण्याची कल्पना इंग्रज निसर्गवैज्ञानिक जॉन रे यांनी १६८२ मध्ये मांडली आणि १७०३ मध्ये ती अधिक पक्की केली. आंत्वान लॉरां द झ्युस्यू यांनी १७८९ मध्ये अदलिकित, एकदलिकित आणि द्विदलिकित अशी विभागणी केली व ती दोनशे वर्षे टिकली. १९९८ मधील एपीजी वर्गीकरणानंतर (जनुकांतील साम्यावरून केलेली फुलझाडांची मांडणी) एकदलिकित हा एकाच पूर्वजापासूनचा गट म्हणून कायम राहिला. द्विदलिकित मात्र तसा गट ठरला नाही. दोन दलिका हे जुने लक्षण असून एक दलिका नंतर आली, असे आता बहुतेक मानतात.

ती कशी आली, यावर मतभेद आहेत. ब्रिटिश वनस्पतिवैज्ञानिक एथेल सार्जंट यांनी १९०३ मध्ये लिली कुलाच्या जवळपासच्या रोपांतील वाहिन्यांची रचना तपासून दोन दलिका जुळून एक झाली असा सिद्धांत मांडला. इरँथिस या द्विदलिकित वनस्पतीत दलिकांचे देठ जुळलेले असतात, हा त्यांच्या युक्तिवादाचा महत्त्वाचा आधार होता. दुसऱ्या मतानुसार जुळणी झालीच नाही, दोहोंपैकी एक दलिका वाढायची थांबली. अमेरिकन वनस्पतिवैज्ञानिक कोल्टर आणि लँड यांनी १९१४ मध्ये अ‍ॅगापँथस या एकदलिकित वनस्पतीच्या बीजांत एक व दोन दलिकांचे गर्भ नोंदविले. दलिका एका वर्तुळाकार कड्यातून उगवतात आणि कड्याची वाढ एकाच बाजूला झाली की एकदलिकित गर्भ बनतो, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. भारतात बी. जी. एल. स्वामी यांनीही एकदलिकित गर्भात दलिका व प्रांकुर यांच्या उगमाचा बारकाईने अभ्यास केला.

अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या नात्यातील रोपावरील १९९७ च्या संशोधनात दोन जनुके एकाच वेळी निकामी असताना दलिकांमधली सीमा पुसली जाऊन खरोखरच एक वाटी तयार झाली. जुळणी किती सहज घडू शकते हे यावरून दिसते, पण इतिहासात ती घडली असे सिद्ध होत नाही. सायक्लॅमेनसारख्या द्विदलिकित गटातील वनस्पतीलाही एकच दलिका असते. त्यामुळे सर्वत्र एकच मार्ग गृहीत धरणे धोक्याचे आहे. कड्याची कल्पना या सर्व निरीक्षणांना जास्त सामावून घेते.

दलिका हे पानच आहे, हे जर्मन कवी व निसर्गाभ्यासक गटे यांनी १७९० मध्ये मांडलेले मत आता बहुमान्य आहे. १९९२ मध्ये वर्णन झालेल्या अरॅबिडॉप्सिसच्या एका उत्परिवर्तनात (जनुकातील बदलात) दलिकांवर पानासारखी लव आली. बीजाच्या साठवणीच्या आज्ञा बाजूला झाल्या की दलिका पानाकडे वळते, असा त्याचा बोध आहे.

काजूत अधराक्ष ताणला जातो आणि मूत्रपिंडाच्या आकाराच्या दोन मांसल दलिका जमिनीवर येऊन हिरव्या होतात. गोव्यात बिबे म्हणून भाजीला घेतात ते ओले काजूगर म्हणजे या दलिका आणि त्यांच्या बेचक्यातला बारीक टोकाएवढा अक्ष. अळसांदे आणि मूगही असेच उगवतात. आंबा व फणस यांच्या दलिका मात्र मातीतच राहतात. फणसाच्या आठळीत तर एक दलिका मोठी व दुसरी लहान असते. आंब्याचे कोय कलम याच सवयीवर उभे आहे. तांबूस पानांच्या कोवळ्या रोपावर काडी बांधतात तेव्हा कोय उपटत नाहीत, तिच्यातील दलिका कलमाला पोसत राहतात.

नारळात दलिका करवंटीबाहेर कधीच पूर्णपणे येत नाही. मऊ डोळ्याखालच्या इवल्या गर्भातील दलिकेचे आतले टोक फुगत जाते आणि काही महिन्यांत पोकळी भरून टाकते. कोंब आलेला नारळ फोडल्यावर मिळणारा पांढरा, गोडसर, स्पंजासारखा गोळा तो हाच. तो खोबरे विरघळवून शोषतो. भाताच्या दाण्यातील वरूथिका, म्हणजे पुष्काला (दाण्यातील अन्नसाठ्याला) चिकटलेली ढालीसारखी चकती, हीही दलिकाच असे बहुतेक मानतात. कोंबावरचे म्यान मात्र दलिकेचा भाग की स्वतंत्र पान, हा प्रश्न उरतो.

मांडवी व जुवारीच्या काठावरील कांदळात बी झाडावरच रुजते. दलिका जुळून एक नळी होते आणि लांब अधराक्ष खाली लोंबतो. रोप गळून चिखलात पडते तेव्हा नळी फळातच राहते, म्हणजे दलिका रोपाबरोबर जात नाही. शेजारच्या तिवरात जाड, घड्या पडलेल्या दलिका रोपासोबत पडून त्याला पोसतात.

भिरंड (कोकम) याहून वेगळे आहे. ते ज्या गार्सिनिया प्रजातीत येते तिच्यातील गर्भात दलिका अत्यंत सूक्ष्म असतात किंवा नसतातच. बी भरते ते फुगलेल्या अधराक्षाने, आणि रुजताना एका टोकाकडून मूळ तर दुसऱ्या टोकाकडून कोंब निघतो. काजूत किंवा शेंगदाण्यात दलिका करते ते काम इथे अक्षच करतो. पावसाळ्यात भेगाळलेल्या टाचांना लावायचे भिरंडेल तेल याच अधराक्षातून निघते.