स्लग काडतूस

छर्र्यांच्या बंदुकीतून अनेक छर्र्यांऐवजी शिशाची एकच जड गोळी झाडण्यासाठी बनवलेल्या काडतुसाला स्लग काडतूस म्हणतात. (‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज ‘कार्तूशु’वरून आला.) गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोण या डोंगराळ तालुक्यांत पीकसंरक्षणाच्या संदर्भात या काडतुसाचा विचार करावा लागतो.

एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर एकीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. बारा बोअर नळीचे हे माप. तिच्या स्लगचे वजन बहुधा २८ ग्रॅमच्या आसपास असते. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी स्वतःभोवती फिरत नाही, त्यामुळे तिचे तोंड पुढेच राहावे म्हणून वजन पुढे आणि बूड हलके ठेवावे लागते. जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये गोळीच्या मागे डट्टा (दारू आणि गोळी यांमधली हलकी चकती) कायमचा जोडून हे साधले, तर अमेरिकेत कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये गोळीचे बूड पोकळ केले. दोहोंच्या अंगावरील तिरक्या कडांनी गोळी गरगर फिरते, ही समजूत मात्र फारशी खरी नाही. त्या कडांचा खरा उपयोग गोळी चोकमधून, म्हणजे नळीच्या तोंडाशी आवळलेल्या भागातून, दबून जाताना होतो.

निवड करताना म्हणूनच आधी नळी पाहावी. स्लगला मोकळे किंवा किंचित आवळलेले तोंड मानवते. फुल चोकमधून नेम बिघडतो आणि जुन्या, पातळ नळीला धोकाही संभवतो. प्लास्टिकच्या वेष्टनातील सॅबो स्लग आटे (गोळी फिरवणाऱ्या आतील सर्पिल खाचा) पाडलेल्या नळीसाठीच असतो, गुळगुळीत नळीत तो वाया जातो. पिढ्यान्पिढ्या घरात चालत आलेल्या बंदुकीच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. तिचे काडतूस बसण्याचे घर ६५ मिलिमीटरचे असेल, तर तोंड मिटलेले ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात सहज बसते. पण झाडल्यावर उलगडलेले तोंड पुढच्या निमुळत्या भागात शिरून दाब वाढवते. अशी बंदूक जाणकार बंदूकसाजाकडून मापून घेतल्याशिवाय स्लगसाठी वापरू नये.

छर्र्यांच्या सवयीने नुसत्या पुढच्या माशीवर (नळीच्या टोकावरील मण्यावर) नेम धरला, तर स्लग वर-खाली जातो; मागे दर्शक असलेला बरा. दुनळीच्या दोन्ही नळ्यांची गोळी एकाच जागी पडेल असेही नाही, म्हणून ज्या काडतुसाचा वापर करायचा तेच आधी ५० मीटरवर, सुरक्षित मैदानात, दोन्ही नळ्यांतून तपासावे. गुळगुळीत नळीचा भरवशाचा पल्ला सामान्यतः ५० ते ७५ मीटरच असतो. गोळीची घातकता मात्र त्याच्या कितीतरी पुढेपर्यंत टिकते, आणि गोव्यातील कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा), काजूच्या बागा व वाडे एकमेकांना इतके लागून आहेत की लक्ष्यामागे मातीचा उंच बांध नसताना स्लग झाडणे अविचार ठरतो. जांभ्याच्या कातळावरून गोळी उसळू शकते.

कायद्याची चौकट येथे निर्णायक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात संरक्षण वा खेळासाठी किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत बंदुकीची, आणि खऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या (तोंडाकडून दारू-गोळी भरायच्या) बंदुकीची तरतूद आहे; २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची सर्वसाधारण मर्यादा तीनवरून दोनवर आणली. बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्यालाही सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय मारता येत नाही, आणि गवा तर गोव्याचा राज्यप्राणीच आहे. निवडणुकीच्या काळात बंदुका जमा करण्याचे आदेश निघतात. तो काळ काजूच्या हंगामाशी जुळला की शेतकऱ्यांची तक्रार रास्तच वाटते.

पावसाळ्यात दमट हवेने कागदी नळकांड्याची काडतुसे फुगतात व बंदुकीच्या घरात अडकतात. अशी काडतुसे उन्हात वाळवून पुन्हा वापरू नयेत. ती विक्रेत्याकडे किंवा पोलिस ठाण्यात जमा करण्याविषयी विचारावे.