तासाची दिशा आणि वावरातलं पाणी

खानदेशातली बरीच वावरं लांबट पट्ट्यांची आहेत, आणि पट्ट्याचं एक टोक नाल्याकडे उतरलेलं असतं. ट्रॅक्टरवाला लांबीच्या बाजूनेच तास (औताची रेघ) घेतो, कारण वळणं कमी लागतात आणि डिझेल वाचतं. मात्र त्यामुळे प्रत्येक तास म्हणजे नाल्यात पाणी सोडणारी पन्हळ होते. एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते चार हजार लिटर पाणी असतं, आणि एकरावरून एक मिलिमीटर मातीचा थर गेला तर सुमारे पाच टन माती जाते. तीही वरची, खताची. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की माती कापण्याची त्याची ताकद चौपट होते, म्हणून आधी वेग मोडायचा. नांगर किती खोल घालायचा हा त्यानंतरचा प्रश्न.

नांगरट, वखरणी (वखराने वरची माती भुसभुशीत करणं) आणि पेरणी ही तिन्ही कामं उताराला आडवी हवीत. सगळं जमत नसेल तर निदान शेवटची वखराची पाळी आणि पेरणी तरी आडवी घ्या, कारण पावसाला सामोरे जातात ते हेच तास. आडवं म्हणजे नजरेच्या अंदाजाने नव्हे. बारा-पंधरा मीटर पारदर्शक नळी घ्या, तिची दोन्ही टोकं सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्यांना बांधा आणि पाणी भरा. नळीत एकही बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर पातळी खोटी दिसते. एक काठी जागेवर ठेवून दुसरी वर-खाली सरकवत जा. दोन्हींकडे पाणी एकाच खुणेवर आलं की तिथे चुन्याची फक्की टाका. अशी समपातळी रेघ दर २०-३० मीटरवर आखली की मधले तास तिच्या समांतर घेता येतात.

धुळे, साक्री, पारोळ्याकडच्या हलक्या, मुरमाड रानात बंदिस्त सरी चांगली चालते. कपाशीच्या तीन फुटी ओळींमध्ये रिजरने (सरी पाडायच्या औताने) किंवा कोळप्याला, म्हणजे ओळींमधून चालणाऱ्या लहान औताला, दोरी गुंडाळून १५ सेंटिमीटर खोल सरी पाडा आणि तीत दर तीन ते पाच मीटरवर मातीचा आडवा बांध घाला. बांधाची उंची दहा सेंटिमीटरच ठेवायची, वरंब्यापेक्षा, म्हणजे दोन सऱ्यांमधल्या उंचवट्यापेक्षा, कमी. हे चुकलं तर जास्तीचं पाणी बांधावरून पुढच्या खणात न जाता वरंबा फोडतं, आणि एक वरंबा फुटला की खालचे ओळीने फुटत जातात. काल नीट दिसणाऱ्या वावरात सकाळी घळ पडलेली असते. माप बरोबर असेल आणि सऱ्या समपातळीत असतील तर एकरी सुमारे ४५ हजार लिटर, म्हणजे ११ मिलिमीटर पाऊस, जागीच थांबतो. शिवाय सरी भरत असताना मुरतं ते वेगळंच.

तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत हाच उपाय अंगाशी येतो. ही माती कोरडी असताना भेगाळते आणि पहिले पाऊस घटाघट पिते. ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि मुरण्याचा वेग तासाला काही मिलिमीटरवर येतो. ऑगस्टच्या झडीत तिथे बांध घालून ठेवले तर मुळांना हवा मिळत नाही, कपाशी पिवळी पडते, कधी उभी झाडं सुकतात. अशा रानात रुंद वरंबा सरी बरी : सुमारे एक मीटरचा गादीवाफा आणि कडेला ४५-५० सेंटिमीटरची सरी, तिला अगदी मंद उतार. ती पाडायचं यंत्र नसेल तर पेरणीनंतर दर चार-सहा ओळींनी एक मृत सरी (पीक नसलेली, पाण्यासाठीची सरी) काढली तरी बरंच काम भागतं.

नांगरट दोन-तीन वर्षांतून एकदा पुरे, २० ते २५ सेंटिमीटर. वापसा, म्हणजे न चिकटता कामाजोगी ओल, नसताना नांगर घातला तर चकचकीत ढेकळं निघतात आणि ती वाळून दगड होतात. उन्हात तापलेली साधी ढेकळं फोडायला रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं यंत्र) मात्र फिरवू नका. काळ्या मातीची ढेकळं पहिल्या पावसात आपोआप विरघळतात. रोटाव्हेटरच्या पिठासारख्या मातीवर टपोरे थेंब आपटले की तिची पापडी धरते, बी उगवत नाही आणि पाणी वरून पळतं. शिवाय तो दरवर्षी फिरला की दहा-बारा सेंटिमीटरखाली घट्ट थर तयार होतो. चांगला पाऊस झाल्यावर लोखंडी सळई हाताने दाबून बघा. त्या खोलीला ती एकदम अडली तर सबसॉयलर, म्हणजे खालचा घट्ट थर फोडणारं खोल औत, लागेल. तो जमीन कोरडी असतानाच चालवावा, म्हणजे थर तडकतो. ओल्या जमिनीत तो नुसती चीर पाडून जातो.

पावसाने ताण दिला, म्हणजे बरेच दिवस उघडीप पडली, की कोळपणी करावी. वरची सैल माती भेगा बुजवते आणि ओल टिकते. झड थांबून सप्टेंबरअखेरचे पाऊस राहिले असतील, तर हलक्या रानात फुटलेले बांध पुन्हा घालावेत. तूर उभी असेल तर ती ओल तिला मिळते, आणि मूग-उडदाच्या रिकाम्या रानात हरभरा टाकायचा असेल तर पेरणीपुरता ओलावा तिथेच साठतो.