फील्ड कॅल्क्युलेटरमधील पायथन : पार्श्वभूमी

जीआयएसमधील (नकाशा आणि त्याची माहिती एकत्र हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमधील) अॅट्रिब्यूट टेबलचा, म्हणजे नकाशावरील घटकांच्या माहितीच्या तक्त्याचा, एखादा रकाना फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये सूत्राने भरण्यासाठी आज पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा सर्रास वापरली जाते, परंतु ती या कामात बरीच उशिरा आली. एस्री कंपनीच्या जुन्या पॅकेजेसमधील, म्हणजे आर्कइन्फोची एएमएल आणि आर्कव्ह्यू ३ ची अॅव्हेन्यू या भाषा आपापल्या पॅकेजपुरत्याच चालत असत. त्याच कंपनीच्या आर्कजीआयएस ८ पासून मायक्रोसॉफ्टची व्हीबीए ही भाषा आली. २००४ मध्ये आर्कजीआयएस ९ बरोबर पायथनचा प्रवेश झाला खरा, पण तिचे मुख्य काम जिओप्रोसेसिंगची (नकाशाच्या माहितीवर प्रक्रिया करणारी) टूल्स एकामागून एक चालवण्याचे होते.

वाद झाला तो २०१० मधील निर्णयावरून. आर्कजीआयएस १० मध्ये आर्कपाय (पायथनमधून आर्कजीआयएस चालवणारे मॉड्यूल) आले आणि त्याच वेळी फील्ड कॅल्क्युलेटरमधून व्हीबीए काढून व्हीबीस्क्रिप्ट व पायथन हे दोनच पर्याय ठेवण्यात आले. व्हीबीस्क्रिप्ट नावाने जवळची असली तरी तिला आर्कऑब्जेक्ट्स (आर्कजीआयएसचे आतले प्रोग्रॅमिंग घटक) वापरता येत नव्हते. त्यामुळे त्यांतील ‘आयएरिया’ इंटरफेसच्या आधारे क्षेत्रफळ काढणाऱ्या, वर्षानुवर्षे एकमेकांकडून घेतलेल्या कॅल फाइल्स (साठवून ठेवलेली सूत्रे) एकाएकी बंद पडल्या. पायथनमध्ये तेच काम दोन उद्गारचिन्हांमध्ये ‘शेप डॉट एरिया अॅट हेक्टर्स’ एवढे लिहून होत असे, हे मान्य करावेच लागेल. तरीही या बदलाचा भार प्रोग्रॅमर नसलेल्या, नकाशावर काम करणाऱ्या माणसांवर पडला, आणि त्यातील खरा धोका बंद पडलेल्या फाइल्सपेक्षा चालत राहिलेल्या सूत्रांमध्ये होता.

समजा, लोकसंख्या ९०० आणि क्षेत्र ४०० हेक्टर असे दोन पूर्णांकी रकाने आहेत. व्हीबीस्क्रिप्टमध्ये भागाकार २.२५ येतो. आर्कमॅपमधील, म्हणजे आर्कजीआयएसच्या जुन्या डेस्कटॉप प्रोग्रॅममधील, पायथन २ मात्र त्याच सूत्राचे उत्तर २ देते, आणि घनतेचा रकाना डबल, म्हणजे दशांश ठेवणाऱ्या, प्रकारचा असला तरी त्यात २ च उतरतात. एरर येत नाही, आकडाही अशक्य वाटत नाही, त्यामुळे चूक नकाशाच्या रंगछटांपर्यंत बिनबोभाट पोहोचते. यावर फ्लोट लावण्याचा, म्हणजे आकडा आधी दशांशी प्रकारात बदलण्याचा, उपाय सोपा होता, पण तो ज्याला ठाऊक त्यालाच सुचणार. २०१५ मध्ये पायथन ३ घेऊन आर्कजीआयएस प्रो हा नवा डेस्कटॉप प्रोग्रॅम आल्यावर हाच भागाकार पुन्हा २.२५ देऊ लागला, म्हणजे दोन्ही पॅकेजेस वापरणाऱ्या कार्यालयात एकाच सूत्राची दोन उत्तरे निघण्याची सोय झाली. प्रोमध्ये व्हीबीस्क्रिप्टलाही जागा उरली नाही.

क्यूजीआयएस या मुक्त-स्रोत जीआयएस पॅकेजची वाट वेगळी आहे. २००७ मध्ये पायथनशी जोडले गेल्यानंतरही तिथल्या फील्ड कॅल्क्युलेटरने स्वतःची एक्स्प्रेशन भाषा ठेवली. पायथनमध्ये लिहिलेले फंक्शन फंक्शन एडिटरमधून त्या भाषेत आणता येते. आर्कजीआयएसमध्येही पुढे आर्केड ही सूत्रांची भाषा आली, कारण वेब नकाशावरील पॉपअप आणि लेबलांची सूत्रे ब्राउझर व मोबाइलवरही चालावी लागतात आणि तिथे आर्कपाय चालत नाही. हजारो नोंदी नियमितपणे भराव्या लागणाऱ्या कामात मात्र २०१२ च्या १०.१ आवृत्तीपासून मिळालेला वेगवान अपडेट कर्सर (नोंदी एकामागून एक बदलणारे साधन) अजूनही पायथनचाच आहे.