दिवाडीच्या घरी निघताना: प्रवासाचा दिवस कसा आखावा

आमच्या नौपाड्यातल्या ऑफिसात दाराशेजारी एक फळी आहे. तिच्यावर चाव्यांचे जुडगे टांगलेले असतात आणि प्रत्येक जुडग्याला पत्र्याचा बिल्ला. बिल्ल्यावर घराचा आकडा आणि त्याखाली खिळ्याने कोरलेले एक अक्षर. 'ज' म्हणजे जुने गोवे, 'र' म्हणजे रायबंदर, 'न' म्हणजे नार्वे. त्या घरी जायला कोणत्या धक्क्यावरची फेरीबोट सोयीची, ते या अक्षरावरून कळते. गोव्यातल्या दिवाडी बेटावर जाण्याचा अख्खा दिवस याच एका अक्षराभोवती आखावा लागतो, हे आम्ही सुरुवातीच्या दोन वर्षांत ठेचा खात शिकलो. त्या ठेचा तुम्हाला लागू नयेत म्हणून हे पत्रक. ठाणे, ऐरोली, नेरूळ, खारघर इथल्या ज्या कुटुंबांची घरे आम्ही बेटावर सांभाळतो, त्यांनी ते निदान एकदा बसून वाचावे आणि मग फ्रिजच्या दारावर लावून ठेवावे, ही विनंती.

आधी कुलपाची वेळ ठरवा

दिवाडी हे मांडवी नदीतले बेट. मुख्य भूमीवरून तिथे पूल नाही, फेरीबोटीनेच जावे लागते. ठाण्याहून साडेपाचशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास बहुतेकदा नीट पार पडतो आणि दिवस बिघडतो तो शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत, धक्क्यावर. म्हणून तुम्ही फोन केलात की आम्ही 'कधी निघताय?' असे विचारत नाही. घराचे कुलूप किती वाजता उघडायचे आहे, ते विचारतो. तिथून मागे मोजत यायचे: धक्क्यावर किती वाजता, त्याआधी स्टेशनवर किंवा विमानतळावर किती वाजता, आणि त्यासाठी ठाण्याहून किती वाजता.

आमचे मत ठाम आहे. कुलूप सूर्यास्ताच्या निदान दोन तास आधी उघडले पाहिजे. महिना-दोन महिने बंद असलेल्या घरात काहीतरी निघतेच. पंप पाणी ओढत नाही, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली असते, एखादे कौल सरकलेले असते. दुपारी चार वाजता हे समजले तर बेटावरचा वायरमन किंवा प्लंबर तासाभरात येतो. रात्री साडेआठला समजले तर मुलाबाळांसह मेणबत्तीच्या उजेडात रात्र काढावी लागते. शिवाय अंधार पडल्यावर फेऱ्यांमधले अंतर वाढते, आणि शेवटची फेरी चुकली की सामानासकट पणजीत खोली शोधत फिरायचे.

रेल्वे: आम्ही हीच सुचवतो

दिवाडीकरांच्या सोयीचे स्टेशन करमळी. मडगाव नव्हे. करमळीहून जुन्या गोव्याचा धक्का दोन-तीन किलोमीटरांवर आहे. मडगावला उतरलात तर करमळीच्या पुढे गेलेले सगळे अंतर उलटे यावे लागते आणि टॅक्सीचे भाडे जास्त पडते ते वेगळेच. २०१७ साली तेजस एक्सप्रेस सुरू झाली तेव्हा ती करमळीपर्यंतच धावायची. आता ती मडगावपर्यंत जाते, पण करमळीला थांबते. मांडवी आणि कोकणकन्या या गाड्याही थांबतात. वंदे भारत मात्र थिवीनंतर थेट मडगावला जाते. तिचे तिकीट काढलेत तर थिवीला उतरा आणि तिथून टॅक्सीने नार्व्याच्या धक्क्यावर या.

आमची पहिली पसंती कोकणकन्येला. रात्री ठाण्याला बसा, कणकवली-कुडाळच्या सुमारास उजाडते, आणि सकाळी करमळी. गाडी दोन तास उशिरा धावली तरी अजून सकाळच असते. बेटावर जाणाऱ्याला अशी हाताशी राहिलेली वेळ फार मोलाची.

कोकणकन्येचे तिकीट काढताना नवी मुंबईकरांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. गाडी ठाण्याला रात्री बाराच्या आधी येते आणि पनवेलला बाराच्या नंतर. म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचे असेल तर ठाण्याहून बसणाऱ्याच्या तिकिटावर शुक्रवारची तारीख हवी आणि पनवेलहून बसणाऱ्याच्या तिकिटावर शनिवारची. ही चूक आमच्याच हातून झाली आहे. नेरूळच्या एका कुटुंबाचे पनवेलचे तिकीट आम्ही शनिवारच्या तारखेचे काढून दिले. तारीख बरोबर होती. पण 'शुक्रवारी रात्री जेवून निघा' एवढे एक वाक्य सांगायचे आम्ही विसरलो. ते शनिवारी रात्री स्टेशनवर आले. आजी, दोन नातवंडे, चार बॅगा आणि डब्यात दशम्या. त्यांची गाडी चोवीस तासांपूर्वीच गेली होती. आजी बाकावर टेकून शांतपणे म्हणाल्या, 'आता घरी जाऊन खाऊ या दशम्या.' तो फोन आम्ही विसरलेलो नाही. तेव्हापासून आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक तिकिटावर निघायचा वार आणि 'जेवून निघा' की 'चहा घेऊन निघा' हे हाताने लिहिलेले असते. तिकीट स्वतः काढत असाल तर तुम्हीही तसेच लिहा.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडते, पूर्वी ते १२० दिवस आधी उघडायचे. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यासाठी साठावा दिवस कॅलेंडरवर आजच खुणावून ठेवा. गणपतीत तर कोकणच्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात. तुमचा गणपती ठाण्यातच बसत असेल तर त्या आठवड्यात दिवाडीला जाऊ नका. ती जागा गावी जाणाऱ्या चाकरमान्याला राहू द्या आणि तुम्ही पंधरा दिवसांनी निवांत जा.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाड्या सावकाश चालवतात, कारण रूळ अनेक ठिकाणी डोंगर कापून काढलेल्या खोल खिंडींतून जातात आणि मुसळधार पावसात तिथे दरड येण्याची भीती असते. या काळात मांडवी करमळीला अंधार पडल्यावर पोचते, म्हणून पावसाळ्यात आम्ही ती टाळायला सांगतो. वंदे भारतही तेव्हा आठवड्यातून तीनच दिवस धावते. मागच्या उन्हाळ्यातली वेळ डोक्यात ठेवून टॅक्सी सांगू नका.

गाडीने जाणार असाल तर

मध्यरात्री निघून सकाळी पोचायचा बेत बरेच जण आखतात. आम्हाला तो पटत नाही. रात्रभर गाडी चालवलेला माणूस सकाळी पेंगत फेरीबोटीच्या उतारावर गाडी घालतो, ते पाहवत नाही. पहाटे चारला ठाणे सोडा. पळस्पे, वडखळ उजाडायच्या आत मागे पडले पाहिजे. माणगावात गाड्या तुंबायच्या आधी तुम्ही पुढे गेलेले असावे. कशेडीच्या बोगद्याने घाटाचा वेळ वाचतो. मुले लहान असतील किंवा चालवणारा एकटाच असेल तर रत्नागिरी किंवा कणकवलीच्या आसपास मुक्काम करा.

महामार्गावरून पत्रादेवीला गोव्यात शिरल्यावर बहुतेक जण म्हापसा, पर्वरी, पणजी असे जुन्या गोव्याला येतात आणि पणजीच्या आसपास अडकतात. तुमच्या बिल्ल्यावर 'न' असेल तर म्हापशाहून डिचोलीच्या दिशेला वळा आणि नार्व्याच्या धक्क्यावर या. पणजी पूर्ण टळते. वाटेत सप्तकोटेश्वराचे देऊळ लागते. हा देव मूळचा दिवाडी बेटावरचाच. कदंब राजांचे हे दैवत, पोर्तुगीज काळात देऊळ पाडल्यावर नदीपलीकडे नार्व्यात आणले गेले आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. बेटावर घर घेतलेल्या माणसाने निदान एकदा तरी देवळात जाऊन यावे आणि मग फेरीत बसावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

विमान

तिकिटावरची दोन नावे दोनदा वाचा. उलव्याजवळचा नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाल्याने 'मुंबई' म्हणजे कोणता विमानतळ, हे आता पाहावे लागते. तिकडे मोपा आणि दाबोळी असे दोन. मोपा पेडणे तालुक्यात, म्हणजे उत्तरेला. तिथून नार्व्याचा धक्का बरा पडतो. दाबोळी दक्षिणेला, तिथून जुने गोवे. संध्याकाळचे स्वस्त तिकीट घेऊ नका, त्यात वाचलेले पैसे रात्रीच्या टॅक्सीत आणि हॉटेलात जातात.

धक्क्यावर

फेरीबोट सपाट असते आणि पुढचा रॅम्प उतारावर टेकवते. जुन्या गोव्याहून पलीकडे जायला पाच-सात मिनिटे लागतात. आधी बोटीवरच्या गाड्या उतरू द्या. मग दुचाकी आणि पायी माणसे चढतात, तेव्हा घाई करू नका. खलाशी हाताने खूण करेल तिथेच, तितकेच पुढे जा. तो दर फेरीला बोटीचा तोल सांभाळत असतो आणि त्याचे ऐकण्यात आपला मान जात नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक वर, इंजिन बंद. ओहोटीला पाणी उतरते तेव्हा रॅम्प जास्त खडा होतो आणि बुटक्या गाडीचा तळ घासतो. अशा वेळी चालवणारा सोडून सगळ्यांनी उतरावे आणि डिकीतला जड पेटारा हातात घ्यावा. भरती-ओहोटीच्या वेळा आम्ही तुमच्या तारखेप्रमाणे मेसेजने कळवतो.

दोन दिवस मात्र टाळाच. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त (वार्षिक उत्सव) असते. धक्का चर्चच्या पलीकडेच आहे, त्यामुळे रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नसते. त्या दिवसांत रायबंदर किंवा नार्वे धरा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बेटावर बोंदेरां असते, रंगीत निशाणे, मिरवणूक आणि दोन्ही काठांवर माणसांची रीघ. बघण्यासारखे आहेच. पण मग आदल्या दिवशी पोचा आणि रविवारी दुपारपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

हातातली पिशवी

मोठ्या बॅगा कुठेही ठेवा, पण एक पिशवी कोणाच्या तरी खांद्यावरच राहू द्या. तिच्यात घराची चावी, औषधे, टॉर्च, आगपेटी, चार्जर, पिण्याचे पाणी आणि एका वेळचे जेवण. चावी आमच्याकडून आदल्या दिवशीच घेऊन जा. निघायच्या दिवशी कुरिअरने मागवू नका.

घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर त्याकडे जास्त लक्ष द्या. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत राहायला हवी, पण गोठता कामा नये. त्यामुळे ती बर्फाच्या पाकिटाला थेट चिकटवून ठेवू नका. मध्ये जाडसर रुमाल गुंडाळा. विमानात ती हातातल्या पिशवीतच न्या, खालच्या सामानात देऊ नका. आम्हाला आधी कळवलेत तर तुम्ही पोचायच्या आत फ्रिज थंड झालेला असेल. आपणहून विचारायला आम्हाला संकोच वाटतो, म्हणून तुम्हीच सांगा.

आम्ही काय करतो

तुमच्या तारखेच्या दोन दिवस आधी आमची बेटावरची माणसे घर उघडतात. खिडक्या दिवसभर सताड उघड्या, गाद्या उन्हात, टाकीतले जुने पाणी सोडून नवे भरलेले, पंप, इन्व्हर्टर आणि फ्रिज चालू करून पाहिलेले. खाऱ्या दमट हवेत कुलपे अडतात. त्यांत खोबरेल तेल घालू नका, ते धूळ धरते आणि आतून चिकटते. पेन्सिलीच्या शिशाची पूड चावीला फासून दोन-तीनदा फिरवली की कुलूप सुटते. दूध, पाव, भाजी हवी असल्यास आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगा. टॅक्सी आम्ही ठरवून देतो, पण तिचे पैसे तुम्ही थेट चालकाला द्यायचे. त्यात आम्ही दलाली घेत नाही.

परतताना

परतीचा दिवसही धक्क्यापासूनच मोजायचा. गाडीच्या वेळेआधी दीड तास बेट सोडा. संध्याकाळची कोकणकन्या धरलीत तर पहाटे ठाणे येते आणि त्याच दिवशी कामावर जाता येते. रविवारी दिवसा पनवेलला उतरून लोकलने पुढे जायचे असेल तर हार्बरवर मेगाब्लॉक आहे का, ते आदल्या दिवशी पाहा. गाडीने येत असाल तर गोव्याची दारू डिकीत नको. बांद्याजवळ तपासणी होते आणि महाराष्ट्रात ती आणणे गुन्हा आहे.

निघताना गॅसचा रेग्युलेटर काढा, पंपाचा आणि मुख्य स्विच बंद करा. फ्रिज रिकामा करून पुसा आणि दारात वर्तमानपत्राची घडी अडकवून ते बोटभर उघडे ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी आत बुरशी मिळेल. ओला टॉवेल दोरीवर विसरू नका. चावी ठाण्याला घेऊन या आणि ऑफिसात आमच्या हातात द्या. त्या वेळी घरात काय बिघडले, काय हवे होते ते सांगा, म्हणजे आम्ही ते बिल्ल्यामागच्या वहीत लिहून ठेवू आणि पुढच्या खेपेआधी दुरुस्त करून घेऊ.