लहान घर आणि सोयीचं घर

"आता दोघंच की आम्ही, किती जागा लागणार?" कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतलं जुनं घर सोडताना आबा म्हणाले, आणि आम्ही सगळे वन बीएचके शोधायला लागलो. घर लहान केलं की म्हातारपणाची सोय झाली, असंच आम्ही धरून चाललो होतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळायला एक पावसाळा जावा लागला.

लहान घराचा हिशेब सोपा असतो. झाडलोट कमी, घरफाळा कमी, दर मे महिन्यात कौलं चाळायला नकोत. जागा मोजताना फक्त रेराचा, म्हणजे घरबांधणीच्या कायद्यात ठरलेला, कार्पेट एरिया (घराच्या आतली वापरायची जागा) विचारायचा. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत.

सोयीच्या घराचा हिशेब मात्र पलंगापासून सुरू होतो. रात्री दोनला उठून संडासापर्यंत किती पावलं? मध्ये उंबरा आहे का? दिव्याचं बटण पडल्या पडल्या हाताला लागतं का? आमच्या त्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं दार चौकटीसकट अडीच फुटांचं, म्हणजे मोकळी वाट दोन फूटही नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि तो दारातून सरळ जाईना. तो तिरका करायचा, एक हात त्याच्यावर, दुसरा ओल्या टाईल्सवर. मी मागे उभा राहून श्वास धरून बघायचो. जुन्या घराचं न्हाणीघर परसात होतं खरं, पण तिथं वॉकर सरळ गेला असता. घर बघायला जाताना टेप न्या. व्हीलचेअर आरामात जायची तर तीन फूट मोकळे हवेत. बिल्डर "रॅम्प करून देतो" म्हणाला तर जोतं मोजा: एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबीचा उतार लागतो. दोन फुटांच्या जोत्याला चोवीस. तेवढी जागा दारात आहे का, ते तिथंच पावलांनी मोजून घ्या.

मग मजल्याचा प्रश्न. वय झालेल्यांना तळमजलाच बरा, असं सगळे सांगतात. कोल्हापुरात त्याआधी पूररेषा बघावी लागते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कचा काही भाग, सगळीकडे पाणी. अशा ठिकाणी तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला उचलूनच बाहेर काढावं लागतं. पण पाचव्या मजल्यावरचाही सुटत नाही: वीज जाते, लिफ्ट बंद पडते, आणि उपसा केंद्रंच पाण्यात गेली की नळालाही पाणी येत नाही. म्हणून पूररेषेबाहेर, पहिला किंवा दुसरा मजला, लिफ्ट असलेला आणि जिना बेताच्या चढाचा, कठडा धरता येईल असा. मला तरी हेच पटतं.

चौरस फुटांत न बसणारं आणखी एक म्हणजे माणसं. पेठेत आबा कधी चक्कर येऊन बसले तर तालमीतली पोरं हाक मारायच्या आत यायची. नव्या अपार्टमेंटमध्ये शेजारच्या दाराला दिवसभर कुलूप असायचं. गंगावेशच्या दूधकट्ट्यावर पायी जाणारा माणूस गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागला. घर सोपं झालं होतं, दिवस अवघड.

पैशांबद्दल थोडक्यात. जुनं राहतं घर विकून नवं घेतलं की भांडवली नफ्यावर, म्हणजे विक्रीतून झालेल्या फायद्यावर, करसवलत मिळते, पण ती नव्या घराच्या किमतीइतकीच. घर लहान आणि स्वस्त घेतलं तर उरलेल्या नफ्यावर कर लागू शकतो. व्यवहाराआधी सीएला भेटा.

आणि जुनं घर लगेच विकू नका. नव्या भागात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्यानं राहून बघा, जून ते सप्टेंबर त्यात येईल असं बघून. आम्ही दुसऱ्यांदा तसंच केलं. आता पुन्हा पेठेतच आहोत, पहिल्या मजल्यावर, एक खोली जास्त घेऊन. संध्याकाळी पाचच्या सुमारास आई काठी टेकत खाली उतरते आणि भाजीवालीकडून कोथिंबिरीची जुडी स्वतः निवडून घेते.