इलोकानो आणि केचुआ बहिणी आहेत का?

फिलिपिन्सची इलोकानो आणि दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली केचुआ या दोन भाषा मूळच्या बहिणी, असा एक समज फिरत असतो. पुरावा म्हणून घोडा पुढे केला जातो: इलोकानोत 'कबाल्यो', केचुआत 'कवाल्यु'.

साम्य खरंच आहे, त्यामुळे फसायला होणं स्वाभाविक. पण घोडा दोन्हीकडे स्पॅनिश लोकांनी नेला आणि 'काबाल्यो' हा त्यांचाच शब्द.

म्हणून नातं तपासताना उसने शब्द बाजूला ठेवायचे आणि आकडे पाहायचे. इलोकानोत एक ते पाच म्हणजे मायसा, दुआ, तल्लो, उप्पात, लिमा. केचुआत हुक, इस्काय, किम्सा, तावा, पिच्का. एकही जुळत नाही. उलट इलोकानोचे 'दुआ' आणि 'लिमा' मलय भाषेत जसेच्या तसे सापडतात. खरं कुटुंब ते. आणि केचुआत चार असलेला 'तावा' इलोकानोत म्हणजे खिडकी!

राहिला 'आम्ही-आपण' हा भेद. तो दोन्हींत आहे, पण मराठीतही आहेच की. तेवढ्यावरून आपण काही केचुआचे भाऊबंद ठरत नाही.

घडणही वेगळी. 'घरं' म्हणायला केचुआ 'वासी'ला शेपूट जोडते, 'वासीकुना'; इलोकानो 'बालाय'चा आरंभच दुहेरी करते, 'बालबालाय'.